बांधाबाहेरची तिवरं

दादा, तू गेल्यापासून जो भेटायला येतो तो माझंच कौतुक करून जातो. बहीण असावी तर अशी, भावाला आणून घरात ठेवलं, पथ्यपाणी केलं, शेवटपर्यंत कंटाळली नाही. काल कुरुळीचे धोंडिबा आले होते, यांच्याबरोबर कारखान्यात बॉयलरवर असतात ते. मेथीची जुडी उंबऱ्याशी ठेवून म्हणाले, "वयनी, मास्तरांचं तुमी लई केलं. दुसऱ्या कुणी यवढं केलं नसतं. व्हय, खरं त्ये सांगतो." मी मान खाली घालून ऐकते. त्यांना वाटतं मला रडू येतंय. मला लाज वाटत असते.

या लोकांना आपली खाडी माहीत नाही. तुझी छाती कशाने गेली हे त्यांना ठाऊक नाही आणि त्याच्या आधी देवळात काय झालं तेही नाही. तुला सगळं ठाऊक होतं. तरी वर्षाहून जास्त काळ तू माझ्या घरात राहिलास आणि त्याबद्दल अक्षर काढलं नाहीस. मी बोलायला तोंड उघडलं की तू म्हणायचास, "सुमे, चहा टाक." आता चहा टाकायला सांगणारं कुणी नाही, म्हणून बोलते.

लहानपणी मला खाडीचा राग यायचा. ओहोटी लागली की आई कालवं काढायला जायची आणि आपल्याला मागे टोपल्या घेऊन जावं लागायचं. चिखल गुडघ्यापर्यंत, वर तिवरांची ती मुळं, जमिनीतून वर आलेली, बोटांसारखी, हजारो. पाय ठेवायला जागा नाही. मी रडायला लागले की तू मला पाठुंगळी घ्यायचास आणि चालता चालता समजूत काढायचास. "अगं, चिखलात हवा नसते ना, म्हणून ही मुळं नाक वर काढतात. तू कुणाच्या नाकावर पाय देतेस, बघ तरी!" मग मी हसायचे आणि मुद्दाम पाय लोंबता ठेवायचे. तिवराचं पान तू मला चाटायला लावलं होतंस, आठवतं? खारट लागलं. मी थुंकले. तू म्हणालास, झाड नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं, त्याला घाम येतो असं समज. त्या वयात तुला हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. पुढे तू पुण्याला जाऊन वनस्पतिशास्त्र शिकलास, तिथेच नोकरी धरशील असं सगळ्यांना वाटलं, आणि तू परत येऊन खाडीकाठच्या शाळेत मास्तर झालास. वहिनी लवकर गेली. त्यानंतर तर तुला घरापेक्षा खाडीच जवळची. सुटीच्या दिवशी तू कंबरेला पंचा गुंडाळून तिवरांत. लोक तुला चिखलमास्तर म्हणायला लागले.

माझं सासर त्याच खाडीच्या वरच्या अंगाला. मला तिथे 'चिखलमास्तराची बहीण' म्हणायचे. प्रेमानेच म्हणायचे, नाही असं नाही. पण नव्या सुनेला असल्या प्रेमाचा काटा बोचतो. यांना पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली, आम्ही इकडे आलो, दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा मला मनातून सुटल्यासारखं झालं. इथे घराबाहेर पडलं तर पायाला कोरडी माती लागते, याचंसुद्धा मला अप्रूप होतं. हे तुला मी कधी सांगितलं नाही. तू ओळखलं असशील.

मग बांधाची गोष्ट निघाली. खाडीचं तोंड बांधायचं, आत खारं पाणी येऊ द्यायचं नाही, दोन-तीन पावसाळ्यांनी जमीन गोडी होईल आणि भात पिकेल. सरकार मदत देणार होतं. दादा, त्यात वाईट काय होतं? रेशनच्या दिवसांत आपण तांबड्या परदेशी मिलो ज्वारीच्या भाकऱ्या खाल्ल्या आहेत. आई स्वतःच्या ताटलीतला भात आपल्या ताटलीत सारायची आणि म्हणायची, मला आज खायची इच्छा नाही. भाताचं नाव काढलं की ती ताटली मला दिसते.

तूही भाताच्या विरुद्ध नव्हतास. हे कुणी नीट ऐकूनच घेतलं नाही, मीसुद्धा. शिमग्याला आम्ही गावी आलो होतो. मी मागच्या पडवीत कोळंबी सोलत बसले होते आणि तू येऊन समोर उकिडवा बसलास.

"सुमे, बांध घालू नका असं मी म्हणत नाही," तू म्हणालास. "पोरांना भात हवा, मलाही हवा. फक्त बांध थोडा आत घ्या आणि पुढची तिवरं तोडू नका. लाट तिवरांत शिरते तेव्हा धावत येते, बाहेर पडते तेव्हा चालत. ही झाडं काढलीत तर उधाणाची लाट थेट मातीवर आपटेल."

"मला काय सांगतोस? मी थोडीच बांध घालतेय."

"तुझ्या मोठ्या दिरांची जमीन अगदी तोंडावर आहे. त्यांनी बांधाबाहेर तिवरांची पट्टी सोडली की बाकीचे सोडतील. तू यांच्या कानावर घाल, हे भावाला सांगतील. तुझा शब्द ते मोडायचे नाहीत."

"सांगते."

"नक्की?"

"सांगते म्हटलं ना!"

तू माझ्यासमोरची एक कोळंबी उचललीस आणि म्हणालास, "हिची पिल्लं त्या मुळांतच वाढतात बरं का. मोठ्या माशाला तिथे शिरता येत नाही." मी ती तुझ्या हातातून घेऊन सोलली. पट्टी राहिली काय, गेली काय, मला त्या क्षणी फक्त हात धुवायचे होते.

मी यांना सांगितलं नाही. विसरले असते तर बरं झालं असतं, पण विसरले नव्हते. रात्रीच्या जेवणाला मोठे भाऊजी तुझी नक्कल करत होते. चिखलातून पाय कसा उचलतोस, पान कसं हुंगतोस. सगळं घर हसत होतं. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मीही हसले. एकदा हसल्यावर मग 'दादा म्हणतो ते बरोबर आहे' असं म्हणायला तोंड कुठून आणायचं?

दुसऱ्या दिवशी देवळात गाव जमलं. बायका खांबांमागे बसल्या होत्या. तू उभा राहून बोललास. फार लांबण लावलीस, दादा. मुळं, गाळ, बी, पाखरं. लोक चुळबुळ करायला लागले. कुणी म्हणालं, झाडी ठेवली तर रानडुकरं लपतील. कुणी म्हणालं, चुन्याच्या भट्टीला सरपण हवंय. आणि मग भाऊजींनी मागे वळून हाक मारली.

"सुमती, तू मास्तरची बहीण नि आमच्या घरची सून. दोन्ही अंगांनी तुला कळतं. तूच सांग गो, आपल्याला भात हवा की चिखल?"

सगळे हसले. मी पदर पुढे ओढला. तू माझ्याकडे बघत होतास, आणि तुझ्या तोंडावर आशा होती. तीच मला विसरता येत नाही. तुला खरंच वाटलं होतं की मी बोलणार.

"भात," मी म्हणाले.

हशा इतका मोठा झाला की गुरवाचं कुत्रं भुंकायला लागलं. तू खाली बसलास. संध्याकाळी जाताना मला म्हणालास, "खोटं काय बोललीस? भात तर हवाच." आणि माझ्या डोक्यावर टपली मारून गेलास.

बांध झाला. तिवरं गेली. भट्टीवाल्यांच्या गाड्या भरून गेल्या. पहिल्या पिकाचे तांदूळ भाऊजींनी पिंपरीला पाठवले, जाडे, तांबूस, आणि मी ते शिजवून शेजारी वाटले. चांगले लागले, हेही सांगायला हवं. बांध फुटेपर्यंत मला वाटत होतं की मी बरोबर होते, तू उगाच घाबरवत होतास.

त्यानंतरच्या श्रावणात भर दुपारी उधाण आलं, वर वारा. खांड पडली ती नेमकी आमच्याच जमिनीसमोर. मी तिथे नव्हते. यांना गावाहून आलेल्या एकाने सांगितलं ते मी ऐकलं. तू शाळा सोडून धावलास. ज्या बांधाला तू 'आत घ्या' म्हणत होतास त्याच्याच भगदाडात छातीभर पाण्यात उभा राहिलास, माणसांची साखळी केलीस, मातीची पोती एकामागून एक लावलीस. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, फळी निखळून आली आणि तुझ्या बरगड्यांवर बसली. तरी पाणी उतरेपर्यंत तू बाहेर आला नाहीस. माणसं सगळी वाचली. शेतं मात्र खारी झाली ती झालीच. आणि तुझी छाती त्या दिवसापासून कधी सरळ झाली नाही.

भादव्यात हे जाऊन तुला घेऊन आले. तू स्टेशनवरून चालत आलास, दर थोड्या अंतरावर थांबत. औषधाच्या चिठ्ठ्या असतील म्हणून मी तुझ्या हातातली पिशवी घेतली तर आत ओलं फडकं आणि फडक्यात तिवराच्या बिया. जाड, हिरव्या, शेंगदाण्याहून मोठ्या. मला हसावं की रडावं कळेना.

"हे बी म्हणायला बी," तू म्हणालास. "आत रोप झाडावरच तयार झालेलं असतं. आई त्याला उगवून मगच पाण्यात सोडते. साल सुटली की चार दिवसांत उभं राहतं, बघ."

कारखान्यातून यांनी तेलाचे रिकामे डबे आणून दिले. एकात तू गोडं पाणी घालायचास, एकात खडेमीठ विरघळवून खाडीसारखं खारं, आणि एकात मधलं, मचूळ. पवना नदीचा गाळ आणायला स्वतः गेलास आणि धापा टाकत परतलास, तेव्हा मी तुला बोल बोल बोलले होते. धोंडिबा तर बघून थक्क झाले. "मास्तर, मीठ घालून झाड जगवताय व्हय? आमच्याकडं मीठ घातलं की झाड मरतंय." तू म्हणालास, "हे झाड वेगळं आहे, धोंडिबा. तुमच्या चाकणच्या कांद्यापेक्षाही चिवट."

आणि एक दिवस जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातले केवलराम दाराशी थबकले. कराचीकडून सगळं सोडून आलेले, कापडाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारे. मला परकर दाखवता दाखवता त्यांची नजर डब्यांकडे गेली. गठ्ठा खाली ठेवून ते वाकले, पान खुडलं आणि, दादा, त्यांनी ते चाटलं. तुझ्यासारखंच.

"अदी," ते मला म्हणाले. अदी म्हणजे बहीण. "ये तो तिमर है! हमारा तिमर! इधर कैसे आया?"

तू खाटेवर उठून बसलास. "तिमर म्हणता? आम्ही तिवर म्हणतो."

त्या दिवशी त्यांनी परकर विकला नाही आणि मी विकत घेतला नाही. सिंधू जिथे समुद्राला मिळते तिथे त्यांचं दुकान होतं. त्यांच्याकडचे उंट पोहत पोहत खाडीतल्या बेटांवर जातात, तिमर खातात आणि भरतीच्या आधी परत येतात, असं ते सांगत होते. तू पोरासारखा विचारत होतास. उंट पोहतो? मान वर धरतो? खारं खाऊन त्याला तहान किती लागते? त्यानंतर ते जवळजवळ रोज यायचे. मला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. तुझ्या खाडीबद्दल प्रेमाने बोलणारा माणूस तुला अखेर मिळाला, तो परक्या मुलखातून उठून आलेला. घरात मी होते, त्याच चिखलात तुझ्या पाठीवर वाढलेली, आणि मी आत भाकऱ्या थापत राहायचे.

आपलं एकच भांडण झालं या घरात. तेही झाडावरून, म्हणजे आपण दोघांनी तसं दाखवलं. तिन्ही डबे जगले होते. मचूळ पाण्यातलं रोप सगळ्यांत तरतरीत, खाऱ्यातलं बुटकं, गोड्यातलं जरा फिकट पण जिवंत. मी म्हणाले, "म्हणजे त्याला फार मीठ आवडत नाही, नुसतं सोसतं. मग गोड्या जागी का येत नाही? पवनेकाठी एकही तिवर नाही."

"गोड्या जागेवर दुसऱ्या झाडांची गर्दी असते, सुमे. तिथे याला कोण उभं राहू देतं? खाडीत दुसरं कुणी टिकत नाही, म्हणून हे तिथे राहतं."

"म्हणजे नाइलाजाने राहतं."

"नाइलाजाने राहिलं तरी त्या जागेचं होऊन राहतं. गाळ धरतं, माशांना घर देतं."

"आणि जे सोडून जातात ते स्वार्थी, असंच ना?"

तू चकित होऊन माझ्याकडे बघितलंस. "मी झाडाबद्दल बोलतोय."

"तू कधीच नुसता झाडाबद्दल बोलत नाहीस! तुला वाटतं मी कोरड्या जमिनीवर येऊन बसले आणि तुझं तिथे लोकांत हसं करून ठेवलं. बोल ना एकदा. बोलून टाक!"

तू खाऱ्या डब्यातलं एक पिकलं पान खुडलंस. मग म्हणालास, "बांध नुसता झाडं तोडल्यामुळे फुटला नाही. भर घाईघाईने टाकली होती, खालचा चिखल बसू दिला नाही. सगळा दोष झाडांच्या बाजूने धरायचा म्हटलं तर ते खोटं होईल." आणि मग तेच. "सुमे, चहा टाक."

दादा, मला क्षमा नको होती त्या दिवशी. तू मला हिशेबातूनच काढून टाकलंस. तुला वाटलं तू माझ्यावर दया करतोयस. मला वाटलं, मी दोष घेण्याइतकीसुद्धा मोठी नाही तुझ्या लेखी. मी चहा टाकला आणि तो तुझ्यासमोर आदळला. पुढे ते भांडण तिथेच राहिलं.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर तू म्हणायला लागलास, "एकदा खाडीवर घेऊन चल. खांडीच्या बाहेर रोपं आलीत का बघायचंय. बी वाहत येतं, अडवलं नाही तर आपोआप रुजतं." मी म्हणाले, यांची रजा मंजूर होऊ दे. मग म्हणाले, घाटातली गाडी तुला सोसायची नाही, डॉक्टरांना विचारू. मग म्हणाले, थंडी सरू दे. यातलं काही खोटं नव्हतं. रजा मिळत नव्हती, डॉक्टर 'नको' म्हणत होते, थंडी होती. पण रजा मिळाली असती आणि डॉक्टर 'हो' म्हणाले असते तरी मी आणखी काहीतरी शोधलं असतं. तुझ्याबरोबर त्या बांधावर उभं राहायची माझी छाती नव्हती. तू समुद्राकडे बघितलं असतंस आणि मला तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

तू गेलास तेव्हा मी नळावर होते. केवलराम तुझ्याजवळ बसले होते. मी घागर घेऊन आले तर ते दारात उभे, टोपी हातात. "अदी," म्हणाले आणि माझ्याकडून घागर उतरवून घेतली. नंतर त्यांनी सांगितलं की तू उंटांचंच विचारत होतास, पिल्लू पहिल्यांदा पाण्यात कसं उतरतं म्हणून. ते सांगायला लागले आणि सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की तू ऐकत नाहीस. डबे मी त्यांना देऊन टाकले. कॅम्पातल्या बराकीपुढे ठेवलेत त्यांनी. लोक विचारतात, हे काय, तर ते म्हणतात, हमारे मुलुक का झाड.

आता खाडीचं सांगते.

अस्थी घेऊन आम्ही दोघं गेलो. भाऊजी बांधावरच भेटले. पार वाळलेत रे ते. खांड पुन्हा भरायचं काम चालू होतं, माणसं लागली होती. आणि बांधाच्या बाहेर, दादा, तू म्हणालास तसंच होतं. गुडघ्याइतकी तिवरं. कुणी लावली नाहीत, कुणी पाणी घातलं नाही. मधल्या दोन पावसाळ्यांत वाहत आलेलं बी रुजलं होतं. चिखलातून बारीक बारीक मुळं वर निघालेली. निवट्या, त्या चिखलातल्या मासळ्या, उड्या मारत होत्या. मी वहाणा काढून हातात घेतल्या आणि उभी राहिले, पाय टाकवेना.

तेवढ्यात दोन गडी कोयते घेऊन खाली उतरले. भाऊजींनी सांगितलं होतं त्यांना, झाडी झाली की खेकडे बांध पोखरतात, कामाच्या आधी साफ करा. एकाने पहिलं रोप उपटलंसुद्धा.

"थांबा!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. हे माझ्याकडे बघायला लागले. सासरच्या माणसांसमोर मी इतक्या वर्षांत आवाज चढवला नव्हता. "भाऊजी, ही ठेवा. बांध आत घ्या आणि ही ठेवा. दादाने मला तेव्हाच सांगितलं होतं, तुमच्या कानावर घाल म्हणून. मी घातलं नाही. आता घालते."

भाऊजी गड्यांना हाताने थांबा म्हणाले. बिडी काढली, पेटवली नाही.

"आता बोलतेस, सुमती," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "देवळात गाव जमलं त्या दिवशी सकाळी मास्तर माझ्याकडे आला होता, तुला ठाऊक आहे? न्याहारीच्या आधी. बांधाच्या जागेवरून मला चालवत नेलंन, लाट कुठे मरते ते दाखवलंन. मला पटलं होतं. पण गावासमोर मी एकटा मास्तरच्या बाजूने उभा राहिलो असतो तर माझीही नक्कल केली असती लोकांनी. म्हणून तुला विचारलं. हसत विचारलं, चारचौघांत दुसरं कसं विचारणार? पण विचारलं ते मनापासून. वाटलं, आमच्या घरातलं कुणीतरी म्हणेल, तर मला तेच धरून बसता येईल. तू म्हणाली असतीस तर मी पट्टी सोडली असती."

हे मध्ये काहीतरी बोलायला गेले. भाऊजींनी त्यांना गप्प केलं. "दोष मी तिला देत नाही. मोठा मी होतो. हसणारा मी होतो." आणि मग ते बांधावर बसले, डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि रडले. मला रडता आलं नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की माझ्या एका शब्दाने काय होणार होतं. बायकांच्या बोलण्याने कधी बांध हलतात का? तू काही बोलत नव्हतास, त्यावरून मीही तेच समजून घेतलं. आता तेही गेलं. माझ्या शब्दाने झालं असतं. झाडं राहिली असती. खांड पडलीच असती कदाचित, तू म्हणालास तसं, भर कच्ची होती. पण पाणी जरा हळू आलं असतं, फळी जरा हळू आली असती. तू अजून त्या शाळेत पोरांना पानं चाटायला लावत असतास.

पट्टी राहिली आहे, दादा. भाऊजींनी त्याच दिवशी खुंट्या मारून घेतल्या. तू मागितली होतीस त्याच्या निम्मीच आहे, कारण बाकीच्यांच्या जमिनी आड येतात आणि ते ऐकायला तयार नाहीत. गडी कोयते घेऊन वर आले. उपटलेलं रोप मी परत चिखलात खोचलं, पण ते जगेलसं वाटत नाही, मूळ तुटलं होतं. ओहोटी लागल्यावर तुला खाडीत सोडलं. पाणी तुला बाहेर घेऊन गेलं. मी गुडघाभर चिखलात उभी होते आणि मला पाठुंगळी घ्यायला कुणी नव्हतं.

तू असतास तर म्हणाला असतास, निम्मी तर निम्मी, सुमे, पुष्कळ झाली. तसं म्हणू नकोस. आता तरी नको. तुझ्याजवळ मागण्यासारखं माझं आता एवढंच राहिलंय, दादा. एकदा, एकदाच, माझ्यावर रागाव.